बंद फ्लॅटमधला खून आणि शेजारची चावी

दोन हजार साल उलटल्यावर आम्ही परळची खोली विकून भाईंदरला जेसल पार्कात राहायला आलो आणि बायकोला केबिन रोडवरच्या वाचनालयाचा नाद लागला. रहस्यकथा आणायची, विसाव्या पानाला खुनी ओळखायचा आणि कणीक मळायला उठायचं, हा तिचा क्रम. मला ते बघवेना. हिला एकदा तरी गंडवायचंच, एवढ्या एका ईर्षेने मी पन्नाशीत लेखक झालो.

खून बंद फ्लॅटमध्ये केला. खिडक्यांना ग्रिल, दाराला चावी फिरवल्याशिवाय न लागणारं कुलूप आणि त्याची एकुलती एक चावी आत मयताच्या खिशात. मी स्वतःवरच खूश होतो.

बायकोने दुसऱ्या पानावर वही मिटली. "एकुलती एक? शेजारी चावी ठेवली नव्हती?"

"नाही."

"मग सिलिंडर आला की कोण घ्यायचं?"

"तो कोणालाच चावी देत नसे!"

"बिल्डिंगमध्ये राहून? काहीतरीच तुमचं."

मी पेटलो. शेजारी चावी न ठेवताही माणूस मजेत जगतो, हे आठवडाभर जगून दाखवायचं ठरवलं आणि समोरच्या गुजराती बेनकडे जाऊन आमची चावी परत मागितली. कारण सांगितलं नाही. बायकोच्या कानावर गेलं असतं. बेननी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावरून चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून समोरचं लाकडी दार बंद. एरवी दिवसभर नुसतं जाळीचं दार ओढलेलं असायचं. रविवारचा ढोकळा आला नाही. जिन्यात भेटल्या तर खाली बघून निघून गेल्या. शेवटी मी बायकोला खरं काय ते सांगितलं.

तिने कपाळावर हात मारला. "अहो, चावी परत मागितली म्हणजे तोंडावर चोर म्हटल्यासारखं झालं!"

मला मनापासून लाज वाटली. घरात चक्कर येऊन पडलेल्या माझ्या आईला बेननी याच चावीने दार उघडून दवाखान्यात नेलं होतं. आणि मी कागदावरच्या एका मयतासाठी त्यांचा अपमान करून बसलो होतो.

संध्याकाळी चावी घेऊन गेलो आणि दारातच उभा राहून अख्खी कथा हिंदीत सांगितली. माझं हिंदी ऐकून कोणीही हसलं असतं. बेन पापणी न हलवता ऐकत होत्या.

"मतलब, चाबी पड़ोसी के पास हो, तो खूनी पड़ोसी ही निकलेगा?"

"हाँ बेन. सब लोग पहचान लेंगे. इसीलिए तो..."

त्यांनी माझ्या हातातून चावी जवळजवळ ओढूनच घेतली. डोळे पुसत म्हणाल्या, "तो लिख दो ना भाई, मर्डर मैंने किया. लेकिन चाबी वापस मत माँगना."