बिनसहीचा कागद

कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की तळमजल्यावर दोन खोल्या लागत. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत बाई. मागची खोली म्हणजे फक्त पाठ टेकायला; बाईंचा जन्म गेला तो पुढच्याच खोलीत, टाइपरायटरसमोर, ताठ मानेनं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप केले. माशांच्या कल्ल्यांवरचे, पुलांच्या खांबांवरचे, आणि एकदा तर नुसत्या स्वल्पविरामावरचा, तीनशे दहा पानांचा.

"इतक्या लोकांना डॉक्टर केलं मी," बाई म्हणायच्या, "आणि मला साधी सर्दी झाली तर त्यातला एकही कामाचा नाही."

बाईंचं काम म्हणजे दगडावरची रेघ. पानात एक चूक झाली की पान फाडायचं. खोडरबर नाही, वर पांढरा रंग फासणं नाही. शेवटच्या ओळीत चुकलं तरी टर्रर्र, नवा कागद. आणि फाडायचं ते आधी, नवं टाइप करायला घेण्याआधी. "दोन कागद शिल्लक राहिले की खरा कुठला यावरून माणसं एकमेकांच्या उरावर बसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य सहीबद्दलचं. कोणी घाईघाईत बिनसहीचं पत्र घेऊन निघालं की त्या चष्म्यावरून बघत म्हणत, "सही नाही तो कागद नाही. रद्दी आहे. भाजी बांधा त्यात."

आणि तिसरं वाक्य तर मुलांना पाठच होतं. घामाघूम झालेला एखादा यायचा. "बाई, दीडशे पानं आहेत, सोमवारी जमा करायचीत, नाहीतर मेलो!" खटखट चालूच. मान वर नाही, बोटांकडे नजर नाही. "झालंच समजा," एवढंच. आणि सोमवारी ते झालेलं असायचं.

बाई स्वतः कॉलेजात गेल्या होत्या अकरा दिवस. बाराव्या दिवशी वडील गेले, आणि घरात टाइपिंग येणारं एकच माणूस होतं. त्या अकरा दिवसांबद्दल त्या कधी रडल्या-बिडल्या नाहीत. फक्त संध्याकाळी खिडकीतून ग्रंथालयाच्या पायऱ्या बघत बसायच्या. ग्रंथालय पाचला बंद व्हायचं आणि मग मुली त्या पायऱ्यांवर बसायच्या. घरी जागा नाही, घरी टीव्ही, घरी लहान भावंडं, घरी आजोबांचा खोकला. एक तर कानात बोटं घालून, पुढेमागे झुलत पाठ करायची, दात दुखतोय म्हणून बसलीये असं वाटावं अशी.

तेव्हा बाईंनी मृत्युपत्र केलं. त्यात तीनच गोष्टी. दोन्ही खोल्या कॉलेजला. खोल्यांत सहा टेबलं, मुलींना अभ्यासाला, दिवेलागणीनंतरसुद्धा. आणि तिथं कोणीही कोणाला मार्क विचारायचे नाहीत. साक्षीदार म्हणून कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल आणि त्यांची बायको आली. सह्या झाल्या, चहा झाला, काम फत्ते.

पण बाईंच्या नाकावर माशी बसेल तर शपथ. आठ दिवसांनी त्यांनी कागद पुन्हा उजेडात धरला, तर रिबन संपत आली असणार, शेवटची चार वाक्यं फिकट. बाकीचं काळंभोर आणि मार्कांचं वाक्य आजारी माणसासारखं पांढरंफटक.

"वाचता येतंय की," ग्रंथपाल म्हणाले. ग्रंथपाल नेहमी कुजबुजत. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढल्यानं त्यांचा आवाज कायमचा बसका झाला होता. भाजीवालीशी घासाघीससुद्धा ते कुजबुजत करत आणि दर वेळी हरत.

"वीस वर्षांनी कोण वाचणार? तुम्ही?" बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टर्रर्र. सह्यांसकट चार तुकडे. "नवी रिबन घातलीये. बुधवारी पाचला या दोघं. झालंच समजा."

मंगळवारी त्यांनी नवा कागद टाइप केला. काळाकुळकुळीत, सुबक, चारी बाजूंनी सारखा समास. बुधवारी सकाळी त्या दात घासता घासता उजव्या बाजूवर कोसळल्या.

अति तिथं माती म्हणतात, ती ही अशी.

दवाखान्यात नवव्या दिवशी बाईंनी तोंड उघडलं. भाचा, म्हणजे भावाचा एकुलता एक मुलगा, बाईंना जगात तेवढाच एक, पलंगाला चिकटून उभा होता. माणूस सोन्यासारखा, फक्त आवाज लाउडस्पीकरचा. "आत्या! ए आत्या! मी कोण? ओळखलंस का?"

बाईंनी ओळखलं होतं. त्यानं शर्ट उलटा घातलाय हेही दिसलं होतं. 'अरे गाढवा, शर्ट उलटा आहे,' असं त्यांनी मनात जुळवलं, जिभेवर आणलं, आणि बाहेर पडलं, "झालंच समजा."

"बोलली!" भाचा एवढ्यानं ओरडला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला.

डॉक्टरांनी समजावलं. असं होतं. सगळे शब्द अडकतात आणि आयुष्यभर घोटलेलं एखादं वाक्य तेवढं सुटं राहतं. कळतं किती, सांगता येत नाही. मानेवर विसंबू नका. ती कशालाही हलते. बाई ऐकत होत्या. 'सगळं कळतंय हो,' त्यांनी सांगितलं. "झालंच समजा," डॉक्टरांनी ऐकलं, आणि मान आपली हो-नाही, हो-नाही, पंख्यासारखी डुलत राहिली.

घरी आणलं. भाचा आणि भाचेसून पुढच्या खोलीत राहायला आले. आता भाचेसून वाईट का? मुळीच नाही. कूस बदलायची, केस विंचरायची, अंथरूण कधी ओलं राहू दिलं नाही. पण बोलायची सगळं 'आपण'मध्ये आणि लाडात येऊन. "आपण औषध घ्यायचं ना? आपण शहाणं बाळ ना? आता आपण शूऽऽ करून घेऊया!" ज्या बाईंनी तीनशे दहा पानांत सातशे स्वल्पविराम जागच्या जागी बसवले, त्या आता शहाणं बाळ झाल्या होत्या. 'तू कर आधी, मग मी करते,' बाई मनात फणकारायच्या. बाहेर यायचं तेच.

"बघा, किती गोड बोलतात!" भाचेसून म्हणायची.

मग एके दिवशी भाचा खुर्ची ओढून बसला. "आत्या, ऐक हं. लोड घेऊ नकोस. तुला आमच्या घरी नेतो. तिथं ऊन आहे, ओटा आहे. आणि या दोन खोल्या भिंत पाडून एक करतो. फोटोकॉपी, प्रिंटिंग, बाइंडिंग! तुझंच नाव देतो दुकानाला. कॉलेजसमोर, म्हणजे धंदा आपल्या पायांनी चालत येणार. बोल, करू ना?"

त्यांनी दातओठ खाऊन 'न' जुळवला. 'न', नुसता 'न' हवा होता. गळ्याच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"झालंच समजा."

"रडतेय बघ!" भाचा बायकोला म्हणाला. "आनंदानं रडतेय गं!"

ग्रंथपालांना बातमी कळली तसे ते धावत आले. नवा कागद टेबलाच्या खणात असणार हे त्यांना माहीत होतं. तो त्यांनी भाच्यासमोर ठेवला आणि सगळी हकीकत कुजबुजून सांगितली. भाच्यानं कागद वाचला, परत वाचला, डोकं खाजवलं.

"काका, सही कुठाय?"

"तेच तर सांगतोय. बुधवारी होणार होती."

"आणि सहीचा होता तो?"

"तो… तिनं फाडला."

"स्वतः?"

"स्वतः. माझ्यासमोर. पण रिबन फिकी होती म्हणून रे!"

"काका, रिबन फिकी म्हणून कोणी मृत्युपत्र फाडतं का?" भाचा खरंच विचारत होता. "विचार बदलला असणार तिचा. नवा टाइप केला, पण हात सहीला धजला नाही. आत्याच काय म्हणायची? सही नाही तो कागद नाही. म्हणायची की नाही?"

ग्रंथपाल काहीतरी कुजबुजले. ते भाच्याला ऐकूच आलं नाही. मागच्या खोलीत पडलेल्या बाईंना मात्र सगळं ऐकू येत होतं, आणि आपलीच वाक्यं परत ऐकून त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. तेवढंही जमण्यातलं नव्हतं. उजवा हात गोणपाटासारखा पडला होता.

"माझं असं नाही काका," भाचा म्हणाला. "तिला द्यायचं असेल तर मी कोण आडवा येणारा? वकील आणा. तिलाच विचारू. ती हो म्हणाली तर मी स्वतः किल्ली नेऊन देतो."

वकील आले. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरत, जणू त्याच्यात चावी भरावी लागे. शाईचा पॅड घेऊन आले होते, कारण सही जमत नसली तर डाव्या अंगठ्याचा ठसाही चालतो. बाईंना ते माहीत होतं. पॅड बघताच त्यांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला, सरळ पॅडवर. अंगठा काळा झाला.

"थांबा, थांबा! अह्हम्. आधी खात्री करावी लागते. बाई, सदरहू दोन खोल्या आपण राजीखुशीनं कॉलेजला देऊ इच्छिता काय?"

"झालंच समजा!" आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य इतकं जागेवर बसलं होतं. ग्रंथपालांनी चक्क टाळी वाजवली, अर्थात आवाज न करता.

"अह्हम्. आता नियमाप्रमाणे उलट प्रश्न. सदरहू खोल्या आपण भाच्याला देऊ इच्छिता काय?"

बाईंनी तोंड गच्च मिटलं. ओठ दातांखाली धरले. दहा मोजले, वीस मोजले. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं! पण जीभ काही आता त्यांची राहिली नव्हती. ती आतून धडका देत होती, शिंक यावी तसं ते आलं.

"झालंच समजा."

वकिलांनी पॅडचं झाकण लावलं.

"मशीन!" ग्रंथपाल म्हणाले. "मशीन आणा. टाइप करेल ती."

भाच्यानंच टाइपरायटर उचलून आणला, पलंगावरच्या पाटावर ठेवला, कागद चढवला. बाईंनी डावा हात ठेवला. बोटं आपोआप आपापल्या जागी गेली. आतमध्ये वाक्य तयार होतं, काळंभोर, नव्या रिबनचं: दोन्ही खोल्या कॉलेजला. खट. खट-खट. नजर वर, भिंतीकडे, जशी एकोणचाळीस वर्षं असे. त्यांच्या हिशेबी दोन्ही हात चालले होते. डावा आपल्या वाट्याची अक्षरं मारत होता आणि उजव्याच्या वाट्याची उजवा मारत होता. फक्त तो पांघरुणावर पडून होता. वाक्य संपलं तसं बाईंनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं.

कागदावर अर्धीमुर्धी अक्षरं होती. काने नाहीत, शब्दांची डोकी नाहीत, मधूनमधून नुसत्या मात्रा. उंदरानं कुरतडल्यासारखं.

बाईंनी खाली पाहिलं. कळलं. मग त्यांनी डावा हात उचलून उजव्या बाजूच्या पट्ट्यांवर नेला. पण तो मुलूखच त्या हाताच्या ओळखीचा नव्हता, आणि पट्टी बघून टाइप करायला डोळे कधी शिकलेच नव्हते. अक्षरं डोळ्यांसमोर माशांसारखी फिरली. अक्षरांचे तीन दांडे एकदम उठले आणि एकमेकांत अडकून बसले.

"दमल्या हो," भाचेसून हळूच म्हणाली आणि त्यांचा काळा अंगठा ओल्या फडक्यानं पुसू लागली. एकदा, दोनदा, पार स्वच्छ होईपर्यंत.

बाहेर वकील भाच्याला सांगत होते, "अह्हम्, म्हणजे असं की, कागद नाही तर बाईंच्या मागं सगळं वारसाला, म्हणजे आपल्यालाच." भाच्यानं दारातून आत वळून पाहिलं. मग म्हणाला, "पण तिचा जीव कॉलेजात आहे हो. काहीतरी द्यायला पाहिजे." आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

पुढच्या महिन्यात ग्रंथालयाच्या दारात एक काचेची पेटी बसली. आत बाईंचं मशीन, तेल-पाणी करून, पुसून चकचकीत. अडकलेले दांडे भाच्यानं स्वतः सोडवले होते. रस्त्यापलीकडे त्याच सकाळी भिंत पाडायला माणसं आली होती. घणाचे आवाज इकडे येत होते, एक सोडून एक, खट… खट… उजव्या हाताविना टाइप केल्यासारखे.

संध्याकाळी पाचनंतर बाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. पायऱ्यांवर मुली बसल्या होत्या. खुर्चीला वाट द्यायला त्यांनी पाय पोटाशी घेतले, वह्या उचलल्या. कानात बोटं घालून झुलणारी जी होती, तिला काही कळलंच नाही. शेजारणीनं तिला ढोसून सरकवलं.

"माझ्या आत्यानं," भाचा माइकची गरज नसताना माइकमध्ये गरजला, "आपल्या आयुष्यातली सगळ्यात लाडकी वस्तू कॉलेजला दिली!"

टाळ्या. प्राचार्य वाकले. "बाई, आपली आणखी काही इच्छा? कॉलेज नक्की पूर्ण करेल."

बाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या पायऱ्यांकडे. डावा हात उचलून त्यांनी तिकडे दाखवलं, आणि मग रस्त्यापलीकडे, धूळ उडत होती तिकडे. पायऱ्या, आणि ती खोली. पायऱ्या, आणि ती खोली. सगळ्यांनी त्या हाताच्या रोखानं पाहिलं.

"घरी जायचंय त्यांना," भाचेसून कळवळून म्हणाली. "आपण जाऊया हं."

कोपऱ्यातून ग्रंथपाल कुजबुजत काहीतरी सांगत होते, पण टाळ्या अजून चालू होत्या. बाईंनी शेवटचा जोर लावला. मान थरथरली, ओठ वाकडे झाले, पुढच्या रांगेतले लोक ऐकायला पुढे झुकले.

"झालंच समजा," बाई म्हणाल्या.