कॉफीची मशीन आणि माझी सही

आमच्या शेडमधले किस्से भाजलेल्या कॉफीच्या फोलपटांसारखे आहेत. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा पायाखाली येतातच! घराशेजारच्या बाया ऐकून ऐकून म्हणतात, "अवं शिल्पा, तू हे लिहून काहून नाई ठेवत?" मी सातवी शिकलेली बाई. पण म्हटलं, लिहू. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायला कितवी लागते?

आधी आम्ही काय करतो ते सांगते. भंडारा शहर संपते तिथं प्रमोदभाऊंची शेड आहे. तिथं धान ठेवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनायच्या. मग पुण्याच्या एका कंपनीनं ऑर्डर दिली. घरच्या घरी कॉफीच्या बिया भाजायची छोटी मशीन! पुरुष माणसं पत्रा वाकवतात, वायर जोडतात. मी आणि शेवंताबाई, आम्ही दोघी प्रत्येक मशीन चालवून पाहतो, पुसतो आणि खोक्यात भरतो.

शेडमध्ये काही अघटित घडलं, की पुण्याहून मॅडम येतात. नियम पाहणं हे त्यांचं काम. त्या वही काढतात, सारं लिहून घेतात. मग पुढच्या खेपेला मशीन थोडी बदलते आणि सोबतच्या पुस्तिकेत एक ओळ वाढते. आता पुस्तिका अशी जाड झाली, की शेवंताबाई म्हणतात, "मशीन कमी अन् पोथीच जास्त झाली वं!"

आणि प्रत्येक खोक्यात एक कार्ड असते. 'मशीन तपासली, सुरक्षित आहे.' त्याच्याखाली सही माझी. हसता हसता मी मध्येच थांबते ती त्या सहीमुळे.

*

पहिल्यांदा कॉफीच्या कच्च्या बिया आल्या, तेव्हा आम्ही कोणी त्या पाहिल्या नव्हत्या. हिरवट, टणक. शेवंताबाई म्हणाल्या, "कॉफी तं पुडीत येते. हे तं वालाचे दाणे दिसते." आणि गुपचूप एक मूठ पदरात बांधून घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी तोंड उतरलेलं. मी विचारलं, "काय झालं जी?"

"रातभर भिजवले, कुकरच्या सहा शिट्ट्या दिल्या, तरी शिजत नाई! म्हातारा म्हणते, मले दात हायेत तेवढे तरी राहू दे!"

मी हसत होती. भाऊंनी पुण्याला कळवलं, तर मॅडम मात्र हसल्या नाहीत. फोनवरूनच विचारलं, "खाल्ले का कोणी?" आणि पुस्तिकेत ओळ आली. 'या बिया शिजवून खाऊ नयेत.'

शेवंताबाईंनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "माह्यं नाव तं नाई ना टाकलं?"

*

मग पहिली भाजणी. मशीन लावली, आम्ही दोघी समोर उभ्या. काही वेळ बरी चालली. काचेच्या झाकणातून दिसत होतं, बिया पिवळ्या झाल्या, तांबूस झाल्या. आणि एकदम आतून तड! तडतड! तडतडतड!

मी प्लग ओढला, शेवंताबाईंचा हात धरला आणि थेट रस्त्यावर! पत्रा वाकवणारी माणसंही हातोड्या टाकून आमच्या मागं पळाली. काय फुटलं हे कोणाला माहीत नव्हतं, पण पळाले सारे.

भाऊंनी पुण्याला फोन लावला. तिकडून साहेब हसत म्हणाले, "अहो, कॉफी तडकतेच! तडकली म्हणजे भाजली!"

मॅडम आल्या. वहीत लिहिलं, 'तडतड आवाज आल्यास घाबरू नये.'

मला राहवलं नाही. "मॅडम, मशीन खरंच फुटली तरी असाच आवाज येईल ना?"

"येऊ शकतो."

"मग घाबरायचं कधी?"

मॅडमनी पेन थांबवला. त्याला टोपण लावलं. वहीत मात्र काही लिहिलं नाही! त्या दिवशी मी पहिल्यांदा हादरली. मला वाटत होतं, पुण्याच्या माणसांना सारं माहीत असते.

*

पहिली मशीन बाहेरूनही तव्यासारखी तापायची. मॅडम म्हणाल्या, नियमात बसत नाही, हात लागला तर भाजेल. मग पत्र्यावर दुसरा पत्रा आला, मध्ये हवा खेळायला जागा आली, आणि एक पंखा आला. बाहेरून वाढवता येत नव्हती, कारण खोकं ठरलेलं. म्हणून आतली जागा कमी झाली. मग धूर कमी करा म्हणाल्या. धूर कमी करायला बिया कमी केल्या. मग आच वरच्या टोकाला जाऊ नये म्हणून एक कट-ऑफ बसवला, म्हणजे फार तापली की आच आपोआप बंद.

भाऊ डोकं धरून बसले. "ज्या कोठीत घरचं वर्षाचं धान मावते, ती बनवणारा माणूस मी! आता मशीन एवढी मोठी, अन् आत दाणे मूठभर!"

कंपनीचे साहेब आले, कॉफी करून प्यायले, आणि तोंड वाकडं केलं. "ही कॉफी आहे का? फुटाण्याचं पाणी लागतंय! अजून काळी भाजली पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "सर, काळी भाजली तर धूर. धूर आला तर आग. आग लागली तर कोर्टात कोण जाणार?"

साहेब म्हणाले अजून काळी, मॅडम म्हणाल्या अजून थंड. अर्धा दिवस हेच. शेवंताबाई माझ्या कानात म्हणाल्या, "पाहुण्याले जेवाले तं बसवलं बाप्पा, पण चूलच पेटवू देत नाई!"

*

झाकणाचा किस्सा आठवला की अजून अंगावर काटा येतो.

गरम असताना कोणी झाकण उघडू नये म्हणून मॅडमनी लॉक बसवायला लावलं. मशीन थंड होईपर्यंत झाकण उघडत नाही. मला फार आवडलं ते. घरी माझी जुई आहे, तीन वर्षांचीही नाही. तिचा हात कुठंही जातो. मी म्हटलं, चला, एक तरी चांगलं झालं.

एका दुपारी मशीनमधून धूर निघायला लागला. रोजचा नाही, काळा. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'जास्त धूर आल्यास प्लग काढावा.' मी धावत जाऊन काढला. प्लग काढला तसा पंखाही बंद पडला! आता बिया आतल्या आत आणखी जळायला लागल्या. झाकण उघडायचं, तर लॉक. लॉक कधी उघडणार? मशीन थंड झाली की! आणि मशीन थंड करणारा पंखा कोणी बंद केला? मीच, पुस्तिका वाचून!

आम्ही सारे गोल करून त्या मशीनकडं पाहत उभे. तिरडीभोवती उभे राहतात तसे. भाऊंनी स्क्रू-ड्रायव्हर आणला, स्क्रू काढले आणि झाकण जबरीनं उचकटलं. हवा आत गेली आणि भक्क करून ज्वाळा वर! भाऊंच्या भुवया गेल्या. शेवंताबाईंनी ओलं पोतं आणून टाकलं म्हणून शेड वाचली.

मॅडम आल्या. मला वाटलं आता लॉक काढतील, नाहीतर पंख्याचं काही करतील. त्यांनी झाकणाचे स्क्रू बदलायला सांगितले. असे, की कोणत्याच स्क्रू-ड्रायव्हरनं उघडणार नाहीत!

भाऊ कपाळावर हात फिरवत म्हणाले, "मॅडमजी, आग लागली तं?"

"बंद राहिली तर आग आतल्या आत विझते. उघडली तर बाहेर येते. चाचणीत तसंच दिसलंय."

खरं असेल. शिकलेल्या आहेत त्या. पण आग लागलेली चीज घरात ठेवून, विझेपर्यंत पाहत बसायचं, हे कोणत्या बाईला जमेल?

*

आता सहीचं सांगते. कार्ड आलं तेव्हा त्यावर सही कोणी करायची यावर शेडमध्ये अचानक सारे अडाणी झाले! वायर जोडणारा म्हणे माझी सही रोज बदलते. दुसरा म्हणे माझा हात दुखते. भाऊ म्हणाले, "मी मालक हाव, मी कशाले करू? शिल्पा, तुह्यं अक्षर सुंदर हाये."

अक्षर सुंदर म्हटल्यावर मी फुगली. पन्नासेक सह्या केल्या. घरी एक कार्ड आणून नवऱ्याला दाखवलं. तो ऑटो चालवतो, पण कागद उलटा करून पाहायची त्याला सवय आहे. त्यानं कार्ड उलटं केलं. मागं बारीक अक्षरात होतं, वापरणाऱ्याच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही.

"कंपनी जबाबदार नाई," तो म्हणाला. "मंग जबाबदार कोण हाये वं?" आणि कार्ड सरळ करून माझ्या सहीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना विचारलं, "भाऊ, माझी सही कायले पाहिजे?"

भाऊ अगदी प्रेमानं म्हणाले, "अवं, काही झालं तं कोणाचं तरी नाव पाहिजे ना!"

तेव्हापासून प्रत्येक सहीच्या वेळी मला ते घर दिसते, जिथं हे खोकं उघडणार आहे. तिथंही एखादी जुई असेलच की!

*

मग बटण आलं. कुठल्या तरी घरी मशीन चालू ठेवून माणसं बाजारात निघून गेली होती म्हणे. म्हणून मॅडमनी नवीन नियम आणला. मशीन चालू असताना कोणीतरी मोठं माणूस जवळ पाहिजेच. ते आहे हे मशीनला कळावं म्हणून दर थोड्या वेळानं लाल दिवा लागतो, टुईं टुईं वाजते, आणि बटण दाबावं लागते. नाही दाबलं तर मशीन समजते की कोणी नाही, आणि बंद पडते.

आमच्या माणसांनी पहिल्याच दिवशी बटणावर लाकडाची खपली दाबून टेप मारला. पण मशीन हुशार! दाबून धरलेलं चालत नाही, दाबून सोडावं लागते. शेवंताबाई खूश झाल्या. "आता हिले फसवणं कठीण हाये!"

मीही खूश. या एका गोष्टीवर मी न घाबरता सही केली.

त्याच आठवड्यात एका मशीनच्या पत्र्याला पोचा पडला. भाऊ म्हणाले, "भंगारात फेकण्यापेक्षा घेऊन जाय घरी. शेंगदाणे भाजजो." कंपनीच्या करारात हे चालत नाही, हे भाऊंनाही माहीत होतं आणि मलाही. पण घेतली.

आई एकोडीहून आली होती, जुईला सांभाळायला. मी तिला दोनदा बजावलं, "आई, मशीन लावली की कोणीतरी जवळ पाहिजे. सोडून जायचं नाही."

"हाव वं, समजते मले."

दुपारी जेवायला घरी आली, तर आई अंगणात भाजी निवडत बसलेली, शेजारणीशी बोलत. आतून टुईं टुईं. आणि टाळ्या!

आत गेली. जुई पाटावर पाट ठेवून त्यावर उभी. समोर मशीन, काचेचं झाकण तव्यासारखं तापलेलं. दिवा लागला की ही बटण दाबते, आवाज थांबला की टाळ्या वाजवते, आणि पुढच्या दिव्याची वाट पाहते. पापणी हलवत नाही! झाकण आणि तिचं नाक यात वीतभर जागा.

मी तिला ओढलं. तिचे हात पाहिले, दहाही बोटं पाहिली, पुन्हा मोजली. ती रडायला लागली, कारण दिवा लागला होता आणि तिला दाबू दिलं नाही.

आई धावत आली. "काय झालं वं? तूच तं म्हणली कोणीतरी जवळ पाहिजे! पोरगी हाये ना जवळ. मशीन लावल्यापासून हलली नाई तिथून, इतकी शहाणी हाये!"

*

दुसऱ्या दिवशी मॅडम शेडमध्ये आल्या होत्या. दारात माल न्यायला गाडी उभी. भाऊंनी माझ्यासमोर कार्डांचा गठ्ठा ठेवला. "कर वं लवकर."

"मी नाही करत भाऊ."

भाऊंनी गठ्ठा आणखी पुढं सरकवला. "काहून?"

मी मॅडमकडं वळली. भाऊ मागून डोळ्यांनी खुणा करत होते, कारण मशीन घरी नेल्याचं कळलं तर माझं काम जाईल आणि शेडची ऑर्डरही. शेवंताबाईंनी माझा पदर ओढला. "चूप राय माय." पण मी सारं सांगितलं. पोचा पडलेली मशीन, आई, पाटावर पाट, टाळ्या. "मॅडम, मोठं माणूस जवळ राहावं म्हणून तुम्ही बटण दिलं. पण ते वाजते खेळण्यासारखं. मोठ्या माणसाला कंटाळा येते. लेकराला नाही येत."

मॅडमनी वही उघडली नाही. टेबलावर चाचणीची मशीन चालू होती. तिचा लाल दिवा लागला, टुईं टुईं वाजायला लागलं. दाबायला कोणी हललं नाही.

"तुमची मुलगी किती वर्षांची?" मॅडमनी विचारलं.

"तीन पूर्ण व्हायचे आहेत."

मशीन वाजतच होती. मॅडमनी कार्डांचा गठ्ठा उचलून आपल्या पर्समध्ये टाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"माझा दोन वर्षांचा आहे. आमच्याकडे तोच दाबतो."