चार इंचांची गादी

मुरबाडहून म्हसाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान दिसतं. त्याच्यावर पाटी नाही. दारात कधी जीपच्या सीटा उलट्या टाकलेल्या असतात, कधी ट्रॅक्टरची, कधी एखाद्या टेम्पोची सबंध मागची बैठक. आत जाड सुईची एक मशीन आणि मशीनवर अनिता. किन्हवलीच्या बाजारापासून सरळगावच्या नाक्यापर्यंत ज्यांच्या गाड्या भाड्यानं फिरतात, त्या सगळ्यांना हे दुकान ठाऊक आहे. पाटीची गरज तिला कधी पडली नाही, लोकांनाही पडली नाही.

अनिता नववीपर्यंत शिकली. सीटचं काम तिला शिकवलं एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं. अकरा वर्षं ती तिथं शिलाईच्या लाइनवर होती. तयार सीट तपासायला तिथं एक लोखंडी पुतळा होता. पाय खाली सोडलेले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. यंत्र त्याला सीटवर दाबायचं, उचलायचं, पुन्हा दाबायचं. अनिता रोज त्या पुतळ्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, असं बसतं तरी कोण? जीपमध्ये चढलेली बाई दोन वळणं गेली की चपला सोडून पाय वर घेते. लग्नाच्या टेम्पोत म्हातारे मांडी ठोकून बसतात. गिऱ्हाइकाची वाट बघणारा ड्रायव्हरसुद्धा एक पाय वर घेतो. मांडी घातली की माणसाचं सगळं वजन घोट्यांवर आणि बुडाच्या दोन हाडांवर येतं. तेवढ्याच जागी स्पंज खचतो आणि खालची फळी लागते.

कारखान्यातली ती लाइन बंद पडली तेव्हा बरोबरच्या बायका दुसरं काम शोधायला गेल्या. अनितानं तिथलीच एक जुनी मशीन घेतली आणि रस्त्याला दुकान घातलं. पहिल्या दिवसापासून तिचा एक नेम. सीट शिवून झाली की तिच्यावर स्वतः मांडी घालायची, पुढ्यात परडी घ्यायची आणि भाजी निवडून होईपर्यंत उठायचं नाही. वालाच्या शेंगा असल्या तर तास जायचा. पायाला मुंग्या आल्या, घोटा दुखला, तर सीट पुन्हा उसवायची. बसून पटलं की मगच मागच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके घालायचे. ते टाके बघून लोक म्हणायचे, अनिताची सीट आहे, झोप लागेल.

असे टाके तिनं एकदाच न बसता घातले. ही गोष्ट त्या एका वेळेची.

तानसाच्या बाजूला शेखर नावाचा एक जण राहतो. मुंबईच्या पाव्हण्यांना गाडीतून हिंडवण्यात त्याची बारा वर्षं गेली. तलाव बघून झाला की पाव्हणे विचारायचे, इथं राहायला काय आहे? काही नव्हतं. म्हणून शेखरनं जीपमागं जोडून न्यायचं चाकांवरचं घर बनवून घेतलं. आत ओटा, नळ, दोन बाजूंना दोन बैठका, मधे टेबल. रात्री टेबल उलटं करून खाली घ्यायचं, त्याची मऊ बाजू दोन्हीकडच्या गाद्यांना लागून बसली, की चौघांचा बिछाना तयार. घर बांधलं घाटावरच्या एका कारखानदारानं. शेखरनं त्याला एकच अट घातली होती, गाद्यांची शिलाई आमच्याकडच्या हातची पाहिजे.

कारखानदारानं अनिताकडं आठ गाद्या पाठवल्या त्या पांढऱ्या कापडात चारी बाजूंनी शिवून बंद केलेल्या. वरून फक्त खोळ चढवायची होती. हळदी-लग्नांचे दिवस होते, टेम्पोवाले दारात उभे होते. अनितानं वरून हात दाबून पाहिला, मऊ लागलं. तिनं खोळी शिवल्या, चेन लावली, लाल टाके घातले आणि गाद्या रवाना केल्या.

दीड महिन्यानं जीपमागं ते पांढरं घर तिच्या दारात येऊन उभं राहिलं. जीपमधून आधी शेखरचा बाप उतरला, कुंडलिक. डोक्याला मफलर, हातात काठी, आणि जीभ काठीहून लांब.

"बाय, बाहेर ये जरा. तुझ्या गादीवर रात्रभर निजलो. फळीला खिळे किती ते मोजून आलोय."

"काका, आधी पाणी तरी घ्या."

"पाणी नको. तू या मागच्या डब्यात चल आणि बस."

अनिता चढली. नव्या लाकडाचा वास अजून गेला नव्हता. तिनं मांडी घातली आणि श्वास दोन वेळा आत-बाहेर व्हायच्या आत तिच्या घोट्याला फळी लागली. ती हलली नाही. दारात शेखर मान खाली घालून उभा होता.

"पहिले पाव्हणे आलेले ताई, ते दुसऱ्या दिवशी पाठ धरूनच उठले," शेखर म्हणाला. "कारखानदाराला फोन केला. तो बोलतो, सीट पाय सोडून बसायची आहे, तुमची माणसं मांडी घालून बसतात, वापर चुकीचा. वर बोलतो, शिलाई तुमच्याच बाईची, तिला विचारा."

"आणि आठ दिवसांनी म्हसाची जत्रा," कुंडलिक म्हणाला. "या शहाण्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय, डबा जत्रेत उभा करतो, या, बसून बघा. दोन तालुक्यांची ढुंगणं टेकतील तिथं! आणि कोपऱ्यात तुझे लाल टाके."

अनिता उठली. एक गादी काखेत मारून ती दुकानात आली, खोळ काढली आणि ब्लेडनं पांढरं कापड कापलं. आतून बोटभर मऊ थर निघाला. त्याच्याखाली नुसता चुरा. हिरवे, गुलाबी, पिवळे तुकडे, वाया गेलेल्या स्पंजचे, गोंदानं थापलेले आणि आता सुटलेले. त्यात चपलेच्या पट्ट्याचा एक तुकडासुद्धा होता. सासू काशी पायरीवर बसून बघत होती. तिनं तो तुकडा उचलला.

"याचा जोड पण असंल बघ आत," ती म्हणाली.

शेखर हसला. त्याला हायसं वाटलं होतं. "बघा ताई, तुमचा दोष नाय. जत्रेपुरता वरून इंचभर स्पंज टाका. नंतर त्या माणसाशी मी भांडतो."

"वर इंच टाकला तर बिछाना बसंल का रे? टेबल चार इंचाच्या हिशोबानं खाली जातं. पाच झाले तर मधे पायरी पडंल, पाव्हणा निजणार कुठं?"

"मग असं कर," कुंडलिक आवाज खाली आणून म्हणाला. आता त्याला तिची दया आली असावी. "तुझा लाल दोरा उसवून टाक. कोणाला कळतंय कोणी शिवली ती?"

अनितानं कात्री हातात घेतली होती. ती तिनं मशीनवर ठेवली.

"काका, दोरा मी घातला. बसल्याशिवाय घातला. चुरा त्याचा, पण न बसता टाके घातले ती चूक माझी. आता उसवीन ती गादी उसवीन. सगळ्या आठ इथं ठेवून जा."

"आणि जत्रेला नाय झाल्या तर?"

"तर तुमी रिकाम्या फळ्या न्या, आणि वर लिहा, अनितानं गाद्या दिल्या नाय."

कुंडलिकनं तिच्याकडे पाहिलं, मफलर सोडला, पुन्हा बांधला, आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी अनिता उल्हासनगरला जाऊन स्पंज घेऊन आली. दुकानदारानं दाखवलेला पहिला, दुसरा, तिसरा तिनं पायाखाली घालून नाकारला. चौथ्यावर तिनं तिथंच, दुकानाच्या फरशीवर, मांडी घातली. लोक बघत होते. त्यांना बघू दे, असा तिचा चेहरा.

पण चांगला स्पंज आणला म्हणजे गादी झाली, असं नसतं. चार इंच म्हणजे चारच इंच. तेवढ्यात मांडी घालणाऱ्याचा घोटाही सांभाळायचा आणि झोपणाऱ्याची पाठही. पहिली गादी तिनं सबंध कडक स्पंजाची केली आणि काशीला वर बसवली. काशीच्या अंगावर मांस म्हणून नाही, सगळी हाडं. हाडांना लगेच कळतं.

"कसं वाटतंय आई?"

"जात्यावर बसवलंस गो मला."

दुसरी केली खाली कडक, वर दोन इंच मऊ. काशी बसली. परडीतले वाल अर्धे झाले नसतील तोच तिनं एक कुल्ला उचलला.

"ह्या अंगाला फळी आली. त्या अंगाला येतेय."

तिसरीला चौथा दिवस उजाडला. टेम्पोवाले दारातून परत जात होते आणि जाताना बोलूनही दाखवत होते. "डब्याच्या नादी लागली," असं कोणी तरी रस्त्यावरूनच ओरडलं. अनितानं मान वर केली नाही. ती विचार करत होती बैलाच्या मानेचा. तिचा बाप नांगरताना बैलाच्या मानेवर जुवाखाली घालायची गोणपाटाची गादी स्वतः करायचा. ती नुसती मऊ नसायची. खाली काथ्या भरायचा, म्हणजे भार एका जागी न राहता पसरतो, आणि वर चिंध्या, म्हणजे कातडं सोलत नाही. बापाच्या बैलाच्या खांद्याला कधी घट्टा पडला नव्हता.

ती तशीच उठली आणि बाजारातून काथ्याची दाबलेली चटई घेऊन आली. खाली इंचभर काथ्या, मधे दोन इंच कडक स्पंज, वर इंचभर मऊ. पुढच्या कडेला गुडघे टेकतात, म्हणून तिथं कडक पट्टी. पण पाय सोडून बसणाऱ्याच्या मांडीला ती पट्टी रुतेल, म्हणून तिची धार चाकूनं तासून गोल केली. चार इंच. फूटपट्टी लावली, चारच.

काशीनं मांडी घातली. शेंगा संपल्या. अनितानं आणखी शेंगा ओतल्या. त्याही संपल्या. रस्त्यानं म्हसाकडं जाणारे बैल सुरू झाले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. काशी भिंतीला टेकली, तोंड उघडं पडलं, आणि वालाचा एक दाणा तिच्या बोटांत तसाच राहिला.

"आई?"

काशी झोपली होती.

उरलेल्या सात गाद्या दोन दिवसांत झाल्या. बसवायला अनिता तानसाला गेली तेव्हा तिला फळीवर ओलीचा डाग दिसला. बसणाऱ्याची ऊब खाली जाऊन कोंडत होती. नवा काथ्या असा कोंडला तर वर्षात कुजेल.

"शेखर, ड्रिल आण. फळ्यांना भोकं पाडायची."

"नव्या डब्याला भोकं?" कुंडलिक काठी आपटत आला. "बाय, आधी आमाला फळीवर निजवलंस, आता फळी पण फोडतेस?"

"हात लावा काका. सरळ धरा. विती-वितीवर एक."

कुंडलिक कुरकुरत फळी धरायला बसला. दहाव्या भोकापर्यंत ड्रिल त्याच्या हातात आलं होतं, आणि विसाव्याला तो शेखरला सांगत होता, सरळ धर, सरळ.

म्हसाची जत्रा भरली. पौषातली थंडी, बैलांच्या शिंगांना रंग, घोंगड्यांच्या राशी, धुरळा. त्या धुरळ्यात ते पांढरं घर उभं होतं आणि दारासमोर चपलांचा ढीग वाढत होता. अनिता तिसऱ्या दिवशी दुपारी काशीला घेऊन गेली. आठही गाद्यांवर ती आळीपाळीनं बसणार होती. तीन दिवस माणसं आदळल्यावर गादी काय बोलते, ते तिला स्वतःच्या घोट्यानं ऐकायचं होतं.

आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. डावीकडे बैलांचे तीन व्यापारी मांडी ठोकून सौदा बोलत होते. उजवीकडे एक बाई पाय पोटाशी घेऊन बाळाला पाजत होती. तिच्या शेजारी डोंगरातल्या पाड्यावरचा एक म्हातारा, देवजी, गुडघे छातीशी घेऊन उकिडवाच बसला होता आणि खिडकीतून जत्रा बघत होता. देवजीचा बैल विकून झाला होता. त्याला कुठं जायची घाई नव्हती.

"जरा सरका, मला बसून बघायचंय," अनिता म्हणाली.

"बसायचंच तर सगळ्यांना आहे बाय," व्यापाऱ्यातला एक म्हणाला. "बाहेर थांब, नंबर लाव."

कुंडलिक दारातून ओरडला, "अरे, उठा रे, तिनंच केल्यात त्या!"

"मग चांगल्या केल्यात," व्यापारी म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

अनितानं कुंडलिकला हातानं थांबवलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. कोण कसा बसतो, कुठं हलतो, किती वेळानं पाय बदलतो, ते ती बघत राहिली. तासभर कोणी बैठक बदलली नाही. फक्त देवजी मधूनमधून टाचा सरकवत होता. मांडी नाही, पाय सोडलेले नाहीत, उकिडवं. सगळा माणूस दोन टाचांवर, आणि टाचा अगदी पुढच्या कडेला, जिथं तिनं धार तासून गोल केली होती. ही बैठक तिच्या हिशोबात नव्हतीच.

"बाबा, टाचेला काय लागतं का खाली?" तिनं विचारलं.

देवजीनं आधी तिच्याकडे, मग टाचांकडे पाहिलं. "थोडं लागतं. पण चालतंय की. बाहेर तर दगडच हाय."

त्याच संध्याकाळी गर्दी पांगल्यावर शेखर घर जीपला जोडत होता. अनितानं आत जाऊन देवजी बसला होता ती गादी काढली.

"ताई, तक्रार कोणाचीच नाय," शेखर म्हणाला. "तो कारखानदार पण आला होता. बोलतो, पुढची चार घरं तुमच्याकडूनच भरून घेतो."

"त्याला सांग, स्पंज मी आणीन. त्याची बंद गादी आली तर दारातूनच परत जाईल."

"सांगतो. पण ही कशाला नेता?"

"कडेला अजून अर्धा इंच कडक पाहिजे. डोंगरातली माणसं उकिडवी बसतात."

तिनं गादी काखेत मारली, काशीचा हात धरला आणि मुरबाडला जाणाऱ्या जीपकडे चालू लागली.