पुलाचा हिस्सा

रांझीच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसायचे. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, गोल टोपी, पांढरी दाढी. नाव मी कधी विचारलं नाही. फॅक्टरीतल्या मराठी सोबत्यांमुळे ते माझ्याशी मराठीतच बोलत. बसमधून उतरल्यावर सरकारी भिंत दिसली की बोटांच्या पेरांनी ठोकून पाहायची त्यांना सवय होती. एकदा मी कारण विचारलं.

"व्याज आम्हाला चालत नाई भाऊ, म्हणून सरकारी रोखे कधी घेतले नाई. भाडं चालते. पोरगी राहते त्या देशात सरकार पुलाचे, इमारतींचे हिस्से लोकांना विकते, अन् त्यांच्याकडूनच भाड्यानं घेते. मुदत संपली की वापस विकत घेते. इथंबी तसे हिस्से निघाले तर? पाहून ठेवून राहिलो, काय मजबूत आहे ते."

"आणि सरकारनं भाडं थकवलं तर?"

"पूल खाली करायला थोडीच लावीन? अपनीच तर सरकार आहे." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पोरगी परक्या पुलाची मालकीण झाली. मी आपल्या पुलावरून तिकीट काढून जातो."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते उड्डाणपुलाच्या अलीकडेच उतरले. पोरगी त्यांना तिच्याकडे घेऊन जात होती, कायमचं. बस सिग्नलला थांबली होती. त्यांनी पुलाचा पहिला खांब ठोकला, तळहात थोडा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मजबूत आहे."

हातून गेलेल्या घराबद्दल माणूस बोलतो, तसं.