सिद्धाप्पा सरांचा पहिला पेला

निवृत्तीच्या दिवशी मी शाळेला किल्ल्या, हजेरीपट आणि भूमितीची लाकडी पेटी परत केली. किस्से परत करण्याचा रकाना त्या यादीत नव्हता, म्हणून ते माझ्याबरोबर घरी आले. आता चार जुने सहकारी जमले, की एकेक बाहेर पडतो. सर्वांत जास्त आहेत ते आमच्या गणिताच्या सिद्धाप्पा सरांचे.

*

सरांच्या घराण्याकडे लातुरातल्या एका महादेवाच्या देवळाचा मान होता. शिवरात्रीला भांगेच्या थंडाईचा पहिला पेला त्यांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने घ्यायचा, मग बाकीच्यांनी. सरांच्या वडिलांनी तो चाळीस वर्षे घेतला. पेला रिकामा करून ते जे डुलत, ते पाहायला म्हणे शेजारच्या गल्लीतून माणसे येत! वडिलांचा पेला घरून भरून येत असे. सरांनी ती पद्धत बंद केली. "सगळ्यांना जे, तेच मला," असे म्हणून ते देवळातल्या पातेल्यातून घेऊ लागले. सर तत्त्वाचे पक्के!

मात्र शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज ठरलेला. "उपवासामुळे अंगावर पित्त उठले आहे." मी मुख्याध्यापिका. अर्जावर शेरा मारला, "साबुदाणा कमी खावा."

पुढच्या वर्षीचा अर्ज आला, "साबुदाणा खाल्ला नाही. तरीही!"

*

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. साहेब आले, शिपाई आले, फायली आल्या. इमारती तेवढ्या यायच्या होत्या. आमच्या शाळेच्या दोन खोल्या सरकारी सामानासाठी घेतल्या गेल्या. एका खोलीत एके सकाळी पोती उतरली. कसली, ते कोणी सांगितले नाही.

शेजारच्या वर्गात सर मूळ संख्या शिकवत होते. त्यांना शिंका सुरू झाल्या. मुली मोजू लागल्या. सतराव्या शिंकेनंतर सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सतरा! हीसुद्धा मूळ संख्याच आहे. लिहून घ्या!"

आमचे शिपाई रसूलमामा धावत माझ्याकडे आले. "बाई, वो बोऱ्यों में पुलिस का पकड्या हुआ गांजा है! आन् सरका मूं देखो, जामून हो गया!"

*

ते वर्ष दुष्काळाचे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढे. डॉक्टर आले, त्यांनी सरांना गोळी दिली आणि म्हणाले, "अंगावरची धूळ आधी धुऊन काढा. भरपूर पाणी लागेल."

भरपूर! स्टाफरूममध्ये एकच माठ होता आणि प्रत्येकाला दिवसाला दोन पेले, असा माझाच नियम होता. अकरा जण रांगेने उभे राहिले आणि प्रत्येकाने आपले दोन पेले सरांच्या डोक्यावर ओतले. मला भरून आले.

सर मात्र डोळे मिटूनच ओरडले, "अहो, खाली बादली धरा! लिंबाचं रोपटं मरायलंय तिकडं!"

*

डॉक्टरांनी विचारले, "असं पूर्वी कधी झालं होतं?"

सर म्हणाले, "कधीच न्हाई."

मी कपाट उघडून तीन वर्षांचे अर्ज डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते वाचले, तारखा पाहिल्या. "सर, शिवरात्रीला देवळात काय पिता?"

सर अर्जांची चवड सरळ करू लागले.

"गांजा आणि भांग एकाच झाडाची. तुम्हाला त्या झाडाचं वावडं आहे. आज डोळे सुजलेत. पुन्हा प्यालात तर घसा सुजेल आणि मला बोलवायलाही वेळ राहणार नाही."

शिवरात्रीला आठच दिवस उरले होते!

*

"घेऊ नका पेला," मी म्हणाले.

"बाई, मानाचा हाय तो. आन् अव्वाला काय सांगू? महादेवाचा प्रसाद तुझ्या लेकाला सोसना गेलाय म्हणू? वडलांच्या माघारी तेवढंच बघायला जाती ती देवळात."

मग स्टाफरूमने उपाय शोधला. सरांनी पेला तोंडाला लावायचा आणि थंडाई हळूच उपरण्यात सोडायची. ताक घेऊन तालीम झाली. पहिल्याच प्रयत्नात ताक उपरणे सोडून सदऱ्यात गेले, आणि नेमके त्याच वेळी तपासणीचे साहेब दारात उभे!

साहेबांनी सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही ताकानं आंघोळ करता?"

*

मला खोटेपणा सोसत नाही. संध्याकाळी मी सरांच्या आईकडे, अव्वांकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. अव्वा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घसा सुजंल म्हणला डॉक्टर?"

"हो, अव्वा."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "चहा घ्या, बाई. कपभर निघंल एवढं पाणी हाय घरात."

*

शिवरात्रीला देऊळ भरलेले. डॉक्टर इंजेक्शनची बॅग घेऊन खांबाआड उभे, शेजारी मी. सरांच्या खांद्यावर उपरणे होते. इतक्यात गर्दीतून वाट काढत अव्वा आल्या. पदराखाली झाकलेला पितळी पेला त्यांनी सरांपुढे धरला.

"औंदा घरचा घे. तुझ्या बापावानी."

पेल्यातली थंडाई हिरवीगार होती. सरांनी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. आईने हातात दिलेला पेला उपरण्यात कसा सोडणार? त्यांनी डोळे मिटले आणि घटाघटा पिऊन टाकला.

डॉक्टरांनी बॅग उघडली. आम्ही वाट पाहू लागलो. एक मिनिट, पाच मिनिटे, दहा मिनिटे. शिंक नाही, गांधी नाही, काही नाही! सर आपले ताठ उभे.

मागून एक म्हातारा म्हणाला, "बापाची सर न्हाई बघा. डुलतंय का जरा तरी?"

अव्वा पुढे झाल्या. रिकामा पेला घेता घेता लेकाच्या कानाशी लागल्या. मी जवळ होते, म्हणून ऐकू आले.

"डुल की रं मुडद्या! तुझा बाप चाळीस वर्षं विड्याची पानंच वाटून पीत होता, पर डुलायचा किती झकास!"