बॅग पायात ठेवा

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे जेवढे सल्ले मिळतात, तेवढे लग्न ठरलेल्या मुलीलाही मिळत नसतील. माझा धाकटा भाऊ तिकडे वारला आणि त्याच्या अस्थी आणायला मी चालले होते, तरी लोकांनी मला सोडलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊन पडली आणि त्यांच्याच खाली लगेच सुरू. ताई, तिकडे चोर फार. ताई, गळ्यात खोटं घाला. कोणी म्हणालं तुमच्या कोटाला काहीतरी लागलंय, तर आधी बॅग धरा. एकाने तर चोऱ्यांचे व्हिडिओच पाठवले, एकापाठोपाठ एक. मेलं, इथे माणूस गेलाय आणि हे मला पाकीटमार दाखवतायत! मी ग्रुप म्यूट करून टाकला.

आमच्या ह्यांनी मात्र ते सगळं मन लावून पाहिलं. नेरुळच्या टेलरकडून पँटला आतून चोरखिसे शिवून घेतले, पासपोर्टच्या झेरॉक्स सगळ्या बॅगांत एकेक कोंबल्या. आदल्या दिवशी मला समोर बसवून उजळणीच घेतली. "बॅग पोटावर घ्यायची. बसलीस की पायात ठेवायची आणि पट्टा पायात अडकवायचा. खुर्चीला कधी म्हणजे कधी लटकवायची नाही."

"अहो, मी काय सहलीला चाललेय?"

"चोराला काय माहीत?" ते म्हणाले.

त्यांचं बरोबरच होतं, आणि तेच मला आता सोसत नाही.

भावाने लग्न केलं नव्हतं. एकटाच राहायचा, झोपेतच गेला. त्याला इकडे आणणं आम्हाला झेपणारं नव्हतं. व्हिसाच्या भानगडीत आमचंही जाणं लांबलं, आणि शेवटी आम्हीच हो म्हटलं म्हणून त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी तिकडे सगळं उरकलं. आईने त्याचं तोंड पाहिलं नाही. मोबाइलवर दाखवते म्हटलं, तर म्हणाली, "काचंतनं नगं." त्यामुळे तिच्या वाट्याला तो आता जेवढा म्हणून येणार होता, तो त्या अस्थींतच. तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं, नाशिक-बिशिक काही नाही, सारसोळ्याच्या खाडीत सोडायचं. शाळा सुटली की तो तिथे जेट्टीवर गळ टाकून बसायचा. मासा लागायचा नाही, तरी रोज जायचा. आमच्याकडे म्हावरं घेऊन येणाऱ्या सारसोळ्याच्या मावशी म्हणाल्या, "आमची होरी हाय ना खाडीत न्यायला. कवा पन सांगा."

निघताना आईने आपल्या जुन्या साडीचा धुतलेला तुकडा माझ्या हातात दिला. "ह्यात बांध. आन् भुईला टेकवू नगंस त्याला. हितं येईस्तवर कुठं म्हंजे कुठं टेकवू नगंस."

अस्थी जमिनीवर ठेवत नाहीत आणि घरातही आणत नाहीत, झाडाला टांगतात, हे आमच्या साताऱ्याकडे मी लहानपणापासून पाहिलेलं. आम्ही विमानतळाकडे निघालो आणि इकडे आईने वॉचमनला गेटजवळच्या बदामाला खिळा ठोकायला लावला. सेक्रेटरी धावत आले. "आजी, इथे लहान मुलं खेळतात हो. घाबरतील."

"त्यो बी हितंच खेळला," आई म्हणाली. सेक्रेटरी आल्या पावली घरी गेले. हे सगळं वॉचमनने मला मागाहून सांगितलं.

तिकडे त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी माझ्या हातात एक बंद डबा ठेवला. गडद हिरवा, प्लास्टिकचा, वर त्याचं नाव चिकटवलेलं. एवढा ताडमाड माझा भाऊ! मी डबा साडीच्या तुकड्यात बांधला. ह्यांनी आपली सॅक रिकामी केली, डबा तीत बसवला आणि चेनला कुलूप घातलं. आमच्या सगळ्या सामानात कुलूप होतं ते त्या एका सॅकलाच. ती मी पोटावर घेतली ती खाली ठेवलीच नाही. बसमध्ये मांडीवर, हॉटेलात कपाटातल्या दांडीला टांगून. रात्री मधेच उठून हात लावून बघायचे, आहे ना म्हणून. त्याच्याशी थोडं भांडलेसुद्धा. वेड्या, डॉक्टरकडे जायला काय झालं होतं तुला?

परतीच्या दिवशी विमानतळाची गाडी पकडायला आम्ही त्या शहराच्या मोठ्या स्टेशनवर आलो. त्या शहराचं नाव मी घेत नाही, माझ्या तोंडाला कडू लागतं. गाडीला वेळ होता. माझी बीपीची गोळी राहिली होती आणि पट्ट्यांनी खांदे भरून आले होते. एका चहाच्या दुकानासमोर खुर्च्या मांडलेल्या, तिथे आम्ही बसलो. टेबल वीतभर आणि त्यावर आधीच्या माणसाचं उष्टं तसंच पडलेलं.

हे म्हणाले, "जरा मोकळी हो. सॅक पायात घे, पट्टा अडकव."

"पायात?" मी म्हटलं. "माझा भाऊ पायात घेऊ मी?"

त्यांनी मान खाली घातली. खरं तर मी ओरडायला नको होतं, ते बिचारे माझ्यासाठीच बोलत होते. उष्ट्या टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं, मांडीवर ठेवून चहा पिणं जमेना. ह्यांच्याजवळ द्यावी तर त्यांच्या मांडीवर पासपोर्टची बॅग. मग मी सॅक खुर्चीच्या पाठीला टांगली आणि तिला पाठ घट्ट लावून बसले. जमिनीपासून चांगली वर होती. मला बरं वाटलं, आईने सांगितलं तसंच झालं म्हणून.

शेजारून एक म्हातारी चालली होती. काठी टेकत, आईच्याच वयाची असेल. तिच्या हातातली पिशवी फाटली आणि संत्री माझ्या पायापर्यंत गडगडत आली. ग्रुपवरच्या सगळ्या व्हिडिओंत तरणी पोरं होती हो! म्हातारी एकातही नव्हती. मी वाकले, दोन संत्री उचलून तिच्या हातात दिली. तिने माझ्या गालाला हात लावला. मी मागे टेकले, तर पाठ सरळ खुर्चीच्या लाकडाला लागली.

ती त्यांच्यातलीच होती की खरोखरच तिची पिशवी फाटली, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिला शिव्याही नीट देऊ शकत नाही.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. हे गर्दीत धावले, पडले, परत उठून धावले. पोलिसांत एक तरुण मुलगा होता. आत काय होतं ते ह्यांनी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, चोराला जे नको असतं ते तो जवळपासच टाकून देतो, कचऱ्याचे डबे बघा. मग आम्ही त्या स्टेशनातले डबे उपसत सुटलो. आतले आणि बाहेरचे. चोरखिसे शिवलेली पँट घालून माझा नवरा कोपरापर्यंत हात घालून लोकांचं उष्टं चिवडत होता आणि येणारेजाणारे लांबून वळसा घालून पुढे जात होते. त्याच्या खिशातले पैसे शाबूत होते, पासपोर्ट शाबूत होते, माझ्या गळ्यातलं खोटंसुद्धा शाबूत होतं.

आम्हाला काहीही मिळालं नाही. मी म्हटलं, "तुम्ही जा. मी इथेच थांबते." ह्यांनी मला धरून गाडीत चढवलं.

विमानभर माझ्या डोक्यात एकच. तो कुलूप तोडेल. काहीतरी मोठं घबाड असेल म्हणून घाईघाईने साडीची गाठ सोडेल, डबा उघडेल, आणि आत राख बघून शिवी हासडेल. मग ती कुठे ओतेल? गटारात, संडासात, रुळांवर? हा विचार मी तेव्हापासून करतेय, भाजी चिरताना करते, देवापुढे बसले तरी करते. तो थांबत नाही.

विमानात बसण्याआधी आईचा फोन आला होता. "निगालासा का?"

"निघालो."

"टेकवला न्हाईस न्हवं कुठं?"

"नाही आई," मी म्हटलं. ते खरंच होतं. पुढचं मला सांगता आलं नाही.

टॅक्सी सोसायटीच्या गेटात शिरली तेव्हा सकाळ झाली होती. आई बदामाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, केस विंचरून, धुतलेली साडी नेसून. हातात नवी सुतळी. खिळा वॉचमनने बराच उंच ठोकला होता. आमच्या हातांकडे तिने एकदा बघितलं, मग टॅक्सीच्या डिकीकडे. डिकी उघडली. सुटकेस निघाल्या, डिकी बंद झाली. तिने परत माझ्या हातांकडे बघितलं.

मी तिच्यापुढे खालीच बसले आणि सगळं सांगितलं. स्टेशन, चहा, उष्टं टेबल. हे म्हणाले होते पायात घे, पण तुझा शब्द होता, म्हणून मी वर टांगली. संत्री उचलायला वाकले आणि तेवढ्यात सॅक गेली. ती सुतळी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "पायात घेतला असतास तरी चाललं असतं की गं."