पाहुण्याला नोबॉल

नागपूरहून एस.टी. पांढरकवड्याकडे निघाली आणि अर्ध्या तासात मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. रविवारी पुण्यात निवडसमितीसमोर गोलंदाजी करायची, आणि आपण इकडे हैदराबाद रस्त्यावर ट्रकांमागची धूळ खात चाललोय! तेरा वर्षं गोलंदाजीवर पोट भरलं. मागच्या साली खांद्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून डावा पाय रेषेपुढे पडायला लागला. नोबॉलवर नोबॉल. समितीने तोंडावर सांगितलं होतं, रविवारी पाय मागे राहिला तर करार, नाहीतर रामराम.

सगळं गजूमुळे; दोन दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता. गजू माझा जुना यष्टिरक्षक, आता गावी कापूस आणि तूर बघतो. म्हणाला, "अबे, कायले जिवाले घोर लावून घेतं? ये इकडं, एक मॅच खेळ."

खिडकीबाहेर दोन्हीकडे कापूस फुटलेला, मागे सागाचं जंगल. राग हळूहळू उतरला. स्टँडवर गजूने आधी तर्री-पोहे खाऊ घातले, वरून सांबार (कोथिंबीर) भुरभुरलेले. तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागितली.

मैदान कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागे, खेळपट्टीवर चटई ठोकलेली. पंच रहीमचाचा. आयुष्यभर ट्रकची इंजिनं खोललेला माणूस, नखांत अजून ग्रीस, अंगावर मात्र परीटघडीचा पांढरा कोट.

सहा षटकं टाकली. तीन बळी, आणि एकही नोबॉल नाही! मी हवेतच होतो. जेवताना भाकर, वांग्याची भाजी, ठेचा असं सगळं चापत चाचांना म्हणालो, "चाचा, वर्षभरात पहिल्यांदा पाय मागे राहिला बघा."

चाचा कसनुसे हसले. "बेटा, पाय तं चार-पाच बार पुढं गेलता."

"मग हात का नाही केलात?"

"पुण्याहून आलेल्या पाहुण्याले नोबॉल देतात काय? बरं दिसते का ते?"

"अहो, आणि जे बाद झाले ते?"

"त्याइनं बी समजून घेतलं," गजू म्हणाला. वर भाजी वाढायला लागला.

मी हातातला घास ताटात ठेवला. असा संताप आला म्हणता! आणि खरं सांगतो, रडूही आलं. "चाचा, रविवारी माझी रोजीरोटी पणाला लागलीये," मी म्हणालो आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेपासून डॉक्टरांनी टाके पक्के असल्याचं सांगितलं तिथपर्यंत सगळं सांगून टाकलं. "एवढं करा, मला घरचा समजा."

जेवणानंतर माझी चार षटकं उरली होती. पहिलाच चेंडू टाकला आणि "नोबॉऽऽल!" चाचा असे ओरडले की जिनिंगच्या दारातल्या गाडीचे बैल बिचकले. दुसरा, पुन्हा नोबॉल. मग चाचांनी खेळ थांबवला, वाकून चटईशेजारची माझ्या पावलांची माती न्याहाळली.

"शेवटची टांग लांब टाकून राह्यला तू. खांद्याले भेतं, म्हणून पायानं जोर लावतं. खांदा फिरव ना! सिलाई पक्की आहे म्हणतं, मंग डर कायचा?"

शस्त्रक्रियेनंतर मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटल्यासारखा धावलो आणि हात पूर्ण फिरवला. दुखलं नाही. चाचांचा हात खालीच. पुढचे सगळे चेंडू तसेच गेले. एक तर फलंदाजाने जिनिंगच्या पत्र्यावर भिरकावला, तरी मी वेड्यासारखा हसत होतो.

संध्याकाळी चाचा एस.टी.पर्यंत आले, तुरीच्या उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. म्हणाले, "पुढच्या साली ये. पन आता पाहुणचार नाही भेटनार, सांगून ठेवतो." पुण्यापर्यंत त्या शेंगा सोलत आलो. माणसं आपल्याला जपतात त्यात सुख असतंच, पण चाचांच्या त्या ओरडण्याचं सुख काही और होतं.

रविवारी दहा षटकं टाकली. नोबॉलसाठी पंचाचा हात एकदाही आडवा झाला नाही. समितीचे लोक पाठ थोपटत होते, कराराचं बोलत होते. मी मात्र आधी धावत पंचाकडे गेलो आणि विचारलं, "साहेब, खरं सांगा, तुम्ही मला पाहुणा तर नाही ना समजलात?"